पन्नास तासांतले शेवटचे पाच तास : सक्तीच्या पर्यावरण विषयाचं एक प्रकरण

मार्च महिना होता. स्टाफरूमच्या लांब टेबलावर दोनशेच्या वर प्रकल्प-फाइली रचलेल्या होत्या. बहुतेकींच्या पहिल्या पानावर दोन तळहातांत धरलेली पृथ्वी. विषय पर्यावरण अभ्यास, वर्ग वाणिज्य शाखेचं दुसरं वर्ष, प्रकल्प ‘स्थानिक प्रदूषित स्थळाला भेट’. तिसरी फाइल उघडली आणि हात थबकला. तिन्ही फाइलींत नदी तीच, फोटो तेच, आणि निष्कर्षातली शुद्धलेखनाची चूकही तीच : ‘जैवविवीधता’. एकानं कुठूनतरी उतरवलं होतं, बाकीच्यांनी त्याची झेरॉक्स काढली होती. त्या नदीवर कुणीही गेलं नव्हतं.

मी मूळचा रसायनशास्त्राचा. त्या वर्षी वर्कलोड कमी पडत होता म्हणून हा विषय माझ्या टाइमटेबलमध्ये टाकला गेला. मी त्या फाइलींवर सह्या केल्या, पंचवीसपैकी अठरा-वीस असे गुण दिले आणि यादी परीक्षा विभागात पोचवली. ते आजही मला सलतं. म्हणून या विषयाचं काय झालं, कुठे बिघडलं आणि पुढच्या तीन वर्षांत आम्हाला काय करता आलं, ते सलग मांडतो आहे. महाविद्यालयाचं आणि शहराचं नाव घेत नाही, कारण ही कथा एका महाविद्यालयापुरती नाही.

न्यायालयातून वर्गात

हा सक्तीचा विषय विद्यापीठांनी आपणहून आणलेला नाही. तो न्यायालयातून आला. एम. सी. मेहता या वकिलांनी १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. राज्यघटनेत १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं अनुच्छेद ५१-क आला. जंगलं, तळी, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलं आहे. पण ज्याला हे कर्तव्य ठाऊकच नाही तो ते पाळणार कसं? याचिकेचा गाभा हा होता. कायदे आहेत, पण लोकांपर्यंत माहिती पोचत नाही, ती पोचवण्याची व्यवस्था करा, ही मागणी होती.

सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा यांच्या पीठानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयी निदान दोन संदेश विनामूल्य दाखवावेत, आकाशवाणी आणि दूरदर्शननं रोज थोडा वेळ द्यावा, शिक्षण मंडळांनी शाळांत हा विषय टप्प्याटप्प्यानं सक्तीचा करावा, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम लावायला सांगावं. महाविद्यालयात प्रत्येक पातळीवर तो सक्तीचा करणं कितपत शक्य आहे, हेही आयोगानं पाहायचं होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं फारसं काही हललं नाही. मेहता पुन्हा न्यायालयात गेले. २००३ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं शाळांसाठी नमुना अभ्यासक्रम तयार करण्याचं काम एनसीईआरटीवर, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेवर, सोपवलं. महाविद्यालयांसाठी आयोगानं तज्ज्ञ समितीकडून सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम करून घेतला. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, सगळ्या शाखांना तो एकच. त्यासाठीचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं आणि २००४ साली ते आयोगातर्फे आलं.

तो अभ्यासक्रम मी फाइलींच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा नीट वाचला. आधी वाचला नव्हता, हेही कबूल करतो. वर्गात आम्ही सगळेच बाजारातल्या तयार पुस्तकावरून शिकवत होतो. आठ घटक, एकूण ५० तास. विषयाची ओळख २ तास, नैसर्गिक संसाधनं ८, परिसंस्था ६, जैवविविधता ८, प्रदूषण ८, सामाजिक प्रश्न ७, लोकसंख्या ६. आणि आठव्या घटकाला ५ तास : प्रत्यक्ष क्षेत्रकार्य. परिसरातली नदी, जंगल, माळ किंवा टेकडी यांपैकी एखाद्या ठिकाणी जाऊन तिथली संपदा नोंदवा. एखादी प्रदूषित जागा पाहा. नेहमी दिसणाऱ्या वनस्पती, कीटक, पक्षी ओळखा. तळं, ओढा, डोंगरउतार अशी एखादी साधी परिसंस्था अभ्यासा.

आता गुणांकडे पाहा. १०० पैकी २५ गुण लघुत्तरी प्रश्नांना, ५० दीर्घोत्तरी प्रश्नांना आणि २५ क्षेत्रकार्याला. तास एकदशांश, गुण मात्र एकचतुर्थांश. हे ज्यांनी आखलं त्यांना विषयाचा जीव कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. हा अभ्यासक्रम कागदावर वाईट होता असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. विस्थापितांचं पुनर्वसन त्यात आहे, पाण्याचे आणि हवेचे कायदे त्यात आहेत, पर्यावरणीय नीतीसुद्धा आहे. पंचेचाळीस तास जे ऐकायचं ते शेवटच्या पाच तासांत पायाखाली घ्यायचं, अशी ती रचना आहे.

मग त्या पाच तासांच्या जागी झेरॉक्स कशी आली?

पाणी कुठे मुरलं

पहिली गोष्ट शिक्षकाची. पर्यावरणशास्त्र हा प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेटच्या परीक्षेतला स्वतंत्र विषय आहे. ती परीक्षा उत्तीर्ण झालेली, नदीत उतरून नमुने घेतलेली, एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात कसा मोजतात ते शिकलेली मुलं-मुली मला माहीत आहेत. पण सक्तीचा विषय आला तरी त्याच्यासोबत पदं आली नाहीत. ज्याचा वर्कलोड अपुरा तो हा विषय घेणार, नाहीतर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, कुणीतरी. मराठीचे प्राध्यापक, भूगोलाचे, वाणिज्याचे, क्वचित क्रीडा संचालकसुद्धा. ही माणसं मन लावून शिकवत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण ज्यानं स्वतः कधी ओढ्यातलं पाणी बाटलीत भरलेलं नाही, तो दीडशे मुलांना ओढ्यावर न्यायला कचरणारच. मी रसायनशास्त्राचा असून कचरत होतो.

दुसरी गोष्ट गुणांची. बऱ्याच विद्यापीठांत या विषयात फक्त उत्तीर्ण व्हायचं असायचं, त्याचे गुण वर्ग किंवा श्रेणी ठरवताना धरले जात नसत. विद्यार्थ्याचं गणित त्यातून सरळ तयार होतं : ‘ईव्हीएस (पर्यावरण अभ्यासाचं इंग्रजी लघुरूप) काय, सुटतोच.’ पुढे अनेक ठिकाणी दीर्घोत्तरी प्रश्न गेले आणि बहुपर्यायी प्रश्न आले. ओझोनचा थर कोणत्या स्तरात असतो, चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की गुण मिळतो, आणि त्या उत्तराचा त्या मुलाच्या घरामागच्या गटाराशी काडीचा संबंध राहत नाही.

संख्येबद्दल फार बोलत नाही. एका वर्गात दीडशे-दोनशे मुलं आणि एक शिक्षक, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण या तिन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, आणि मला तीच मुळाची वाटते. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी इथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी पर्यावरण शिक्षणाची परिषद भरवली होती. तिनं या शिक्षणाची पाच उद्दिष्टं मांडली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्या याचिकेचा भर पहिल्या उद्दिष्टावर होता, आणि तिच्या काळात ते योग्यही होतं. वर्ग दुसऱ्यापर्यंत पोचला. शेवटची दोन उद्दिष्टं मात्र वर्गात बसून गाठताच येत नाहीत. कौशल्याला हत्यार लागतं आणि सहभागाला जागा लागते. न्यायालयानं विषय सक्तीचा केला, आयोगानं तास सक्तीचे केले. पण प्रत्येक महाविद्यालयानं आपली म्हणून एक जागा धरावी, वर्षानुवर्षं तिची नोंद ठेवावी, हे कुणी सक्तीचं केलं नाही. ‘परिसरातली नदी’ म्हणजे नेमकी कुठली हे ठरलं नाही, म्हणून ती कुठलीही नदी झाली, आणि शेवटी इंटरनेटवरची झाली.

दोन बाटल्या

पुढच्या वर्षी मी प्राचार्यांना भेटलो. मागणी एकच ठेवली : प्रकल्पाचा विषय विद्यार्थ्यांनी निवडायचा नाही, महाविद्यालयानं ठरवून द्यायचा. आमच्या मागच्या कुंपणाला लागून एक नाला जातो. सगळ्यांचा प्रकल्प त्या नाल्यावर. दोनशे मुलांचे वीस गट, प्रत्येक गटाला नाल्याचा एक प्रश्न. प्राचार्य म्हणाले, “सर, मुलं घसरून पडली तर जबाबदारी कुणाची?” प्रश्न रास्त होता. पालकांची संमतीपत्रं घेतली, पावसाळा पूर्ण संपेपर्यंत थांबलो, आणि पाण्यात कुणी उतरायचं नाही, पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीनंच पाणी काढायचं, असा नियम केला.

पहिला गट घेऊन गेलो तेव्हा सोबत प्रयोगशाळेतल्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. तीनशे मिलीच्या, घट्ट बुचाच्या, बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन खर्च करतात ते मोजायला, वापरतात त्या. एक नमुना वरच्या पुलावरून घेतला, तिथे नाला टेकडीकडून येतो आणि वस्ती विरळ आहे. दुसरा खालच्या पुलावरून, एका मोठ्या वसाहतीची गटारं मिळाल्यानंतरचा. बाटली भरताना आत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्याच्या हिशेबात येतो. एका मुलीनं बाटली तिरकी धरून, पाणी काचेच्या कडेनं सोडत, इतकी हळू भरली की बाकीचे नऊजण श्वास रोखून बघत होते.

मग मी हातमोजे घालून दोन्ही बाटल्यांत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण दोन-दोन मिली सोडलं, बुच लावलं आणि बाटल्या उलटसुलट केल्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीची ही पहिली पायरी. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर मँगनीजचा साका, म्हणजे तळाशी बसणारा साखा, तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो.

वरच्या पुलाची बाटली विटेच्या भुग्यासारखी तपकिरी झाली. खालच्या पुलाची पांढरीच राहिली. दुधी, किंचित करड्या छटेची, पण पांढरी. मुलं वाट बघत राहिली. एकजण म्हणाला, “सर, हिला वेळ लागतो का?” मी म्हणालो, “नाही रे. हिच्यात काही नाहीच.”

वर्गात मी प्रदूषणाचे आठ तास घेतले होते. विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे काय, सांडपाण्यातले सूक्ष्मजीव तो कसा वापरून संपवतात, २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, मासे जगायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं निदान ४ मिलीग्रॅमचा निकष ठेवला आहे आणि आंघोळीच्या पाण्याला ५ चा, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यातलं कुणाला काही आठवत नव्हतं. त्या दिवशी नाल्याच्या पुलावर उभं राहून त्यांनी ते सगळं मला पुन्हा विचारून घेतलं. उरलेलं मापन आम्ही प्रयोगशाळेत केलं. ॲसिड मी घातलं, थायोसल्फेटचा ब्युरेट त्यांनी धरला. वाणिज्य शाखेच्या मुलांनी स्टार्चचा निळा रंग थेंबाथेंबानं नाहीसा होताना पाहिला. लॅबमधले काका मला नंतर म्हणाले, “सायन्सची पोरंसुद्धा इतकी वाकून बघत नाहीत.”

नाला की ओढा

इथपर्यंत हे पर्यावरणशास्त्र होतं. व्यवस्थापन पुढे सुरू झालं, आणि ते माझ्यापेक्षा मुलांनीच सुरू केलं. पांढऱ्या बाटलीनंतरचा पहिला प्रश्न होता, “सर, हे पाणी कुणाचं?”

एका गटाला गावनकाशा शोधायला लावलं. नकाशावर ती रेघ ‘नाला’ नव्हती, ‘ओढा’ होती, आणि त्या ओढ्याला नाव होतं. आसपास राहणाऱ्या कुणालाही ते नाव सांगता आलं नाही. दुसऱ्या गटानं १९७४ चा जलप्रदूषण कायदा काढला. त्यात प्रवाहाची व्याख्या आहे. नदी तर आहेच, पण कुठलाही जलमार्ग, वाहता असो वा काही काळ कोरडा पडलेला, तोही प्रवाहच. आणि कलम २४ नुसार प्रवाहात प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई आहे. ज्याला आपण सगळे गटार समजत होतो त्याला कायद्याच्या लेखी नदीइतकंच संरक्षण आहे, हे एका मुलानं वर्गात उभं राहून वाचून दाखवलं. त्या क्षणी वर्ग कमालीचा शांत होता. महाराष्ट्रानं तर केंद्राच्या आधीच, १९६९ साली स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं होतं, हेही त्यांनीच शोधून आणलं.

मग महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल. महापालिका अधिनियमाप्रमाणे आयुक्तांनी तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो. शहराचं पाणी, हवा, कचरा, झाडं, मैलाशुद्धीकरण या सगळ्याचा वार्षिक ताळेबंदच तो. ताळेबंद म्हटल्याबरोबर वाणिज्यची मुलं खुलली. जो दस्तऐवज मी स्वतः कधी हातात धरला नव्हता तो त्यांनी आडवा-उभा तपासला. मागच्या वर्षीच्या अहवालाशी जुळवून पाहिला. काही तक्ते दोन्ही वर्षी अक्षरशः तेच होते. ज्या मुलांच्या फाइली आदल्या वर्षी एकमेकींची झेरॉक्स होत्या त्यांच्याच धाकट्या बॅचनं ही गोष्ट पकडली.

अर्थसंकल्प बघणाऱ्या गटाचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. ‘नालेसफाई’ या शीर्षाखाली तरतूद होती, आणि ती पावसाळापूर्व कामांत होती. त्या गटातल्या मुलीनं सादरीकरणात मांडलं ते असं : नालेसफाई म्हणजे गाळ काढणं. गाळ काढतात तो पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून. त्यामुळे आपल्या बाटलीचा रंग बदलणार नाही. बाटली तपकिरी व्हायची असेल तर वसाहतीची गटारं नाल्यात न पडता मुख्य मलवाहिनीला जोडायला हवीत, आणि ते काम दुसऱ्या विभागाचं, दुसऱ्या शीर्षाखालचं आहे.

मला या मांडणीचं महत्त्व पुन्हा सांगावंसं वाटतं. तक्रार होती दुर्गंधीची. उपाय म्हणून सगळ्यांच्या तोंडी होती सफाई. मुलीनं पैशाचा माग काढून दाखवलं की सफाईचा पैसा दुर्गंधीसाठी खर्च होतच नाही. रसायनशास्त्र मला पांढऱ्या साक्यापर्यंत घेऊन गेलं होतं, त्यापुढचा रस्ता हिशेबाच्या वहीतून जात होता. पर्यावरण अभ्यास हा अनेक शाखांना जोडणारा विषय आहे असं अभ्यासक्रमाच्या पहिल्या घटकात लिहिलेलं आहे, आणि त्याला दोन तास दिले आहेत. ते दोन तास मी त्या दिवशी शिकलो.

शेवटी माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. पाच विद्यार्थ्यांनी आपापल्या नावानं, दहा रुपयांचं शुल्क भरून अर्ज केले : वसाहतीची गटारं मलवाहिनीला जोडली आहेत का, नसल्यास काम केव्हा प्रस्तावित आहे, नाल्याच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली. अर्जातली भाषा आम्ही चारदा बदलली. आरोप नको, मत नको, जे कागदावर असेल तेवढंच विचारायचं. तीस दिवसांच्या मुदतीत दोन उत्तरं आली, एक अर्ज दुसऱ्या विभागाकडे वर्ग झाला, दोन अर्जांना उत्तर नाही म्हणून अपील करावं लागलं. आलेल्या उत्तरात जोडणीचं काम ‘प्रस्तावित’ होतं.

जे जमलं नाही

वीस गटांपैकी सहा-सात गटांनी खरं काम केलं. चार गटांनी दुसऱ्यांच्या नोंदी उतरवल्या, आणि ते मी व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पकडलं. काही मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. त्यांना मी कॅम्पसमधल्या पाण्याचा हिशेब दिला. बोअरवेलला मीटर नव्हता, म्हणून त्यांनी वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजलं आणि पंप दिवसातून किती वेळ चालतो त्याच्याशी गुणलं. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी चार लिटरच्या वर पाणी घालवतो, हे त्यांनी मोजपात्र लावून सिद्ध केलं. तो नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. नाल्यापेक्षा हे काम लहान वाटेल, पण मोजलं, मालक शोधला, दुरुस्त करून घेतलं आणि पुन्हा जाऊन पाहिलं, हे पूर्ण चक्र त्या वर्षी फक्त त्याच गटानं पार केलं. पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९६ पासून नेमकं हेच चक्र मागतं आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र माझ्या ध्यानात उशिरा आली. पहिल्या वर्षाच्या शेवटी सगळ्या नोंदी वीस वेगवेगळ्या फाइलींत होत्या. गुण भरले, फाइली कपाटात गेल्या. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीची तयारी सुरू झाली तेव्हा सातव्या निकषासाठी, हरित परिसर आणि चांगले उपक्रम दाखवायला, त्यांतल्या सुबक फाइली निवडून वेगळ्या काढल्या गेल्या. जिच्यात आकडे गिचमिड अक्षरात पण खरे होते ती फाइल मागे राहिली. पुढच्या बॅचला मी पहिल्यापासून सांगायला लागलो, आणि एकजण म्हणाला, “सर, मागच्या वर्षीचे आकडे कुठायत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून एक रजिस्टर आहे. जाड पुठ्ठ्याचं, प्रयोगशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरसारखं. डावीकडच्या पानावर तारीख, वेळ, जागा, तापमान, ऑक्सिजन, वास, रंग, दिसलेले पक्षी आणि किडे. उजवीकडच्या पानावर त्या दिवशीचा पत्रव्यवहार : कुणाला काय लिहिलं, काय उत्तर आलं. बॅच बदलते, रजिस्टर बदलत नाही. नव्या बॅचचं पहिलं काम मागची सगळी पानं वाचणं आणि जुन्या बॅचची एक चूक शोधणं. गुणही मी आता तसेच देतो : पंचवीसपैकी दहा स्वतः घेतलेल्या नोंदीला, दहा त्या नोंदीवरून विचारलेल्या प्रश्नाला, पाच दुसऱ्याच्या नोंदीतली चूक दाखवल्याबद्दल.

दुसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या, पर्यावरणशास्त्रात नेट झालेल्या. नाल्याकाठच्या चिखलातल्या अळ्या बघून पाणी किती बिघडलं आहे ते सांगणं त्यांनी मुलांना शिकवलं. लाल अळ्या कमी ऑक्सिजनमध्येही टिकतात, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. रसायनं संपली तरी हे निरीक्षण चालू राहतं. हे मला येत नव्हतं, येण्याची शक्यताही नव्हती. पुढच्या सत्रात त्यांचे तास कमी झाले आणि त्या दुसरीकडे गेल्या. हा विषय सक्तीचा आहे तोवर तो शिकवणारं माणूस कायमस्वरूपी असलं पाहिजे, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत करतो आणि करत राहणार.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आयोगानं २०२३ साली पदवी पातळीवरच्या पर्यावरण शिक्षणासाठी नवी चौकट दिली. आता चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, पर्यावरण व्यवस्थापन, हवामानबदल, आंतरराष्ट्रीय करार यांना जागा आहे, आणि क्षेत्रकार्य व प्रकरण अभ्यास यांचा वाटा पूर्वीपेक्षा मोठा आहे. बदल चांगला आहे. आमच्या अभ्यास मंडळाच्या चर्चेत मी एवढंच मांडलं, की क्षेत्रकार्याचे तास वाढले तर झेरॉक्सची पानंही वाढू शकतात. तास देताना प्रत्येक महाविद्यालयाकडून एका जागेचं नाव लिहून घ्या. मग तो ओढा असेल, टेकडी असेल, कचऱ्याचा ढीग असेल किंवा महाविद्यालयाचा स्वतःचा पंप. आणि दर वर्षी त्याच जागेचं रजिस्टर तपासा. काहींना हे पटलं. काहींनी विचारलं, जिथे जवळपास काहीच नाही तिथे काय करायचं? मी म्हणालो, सांडपाणी कुठेतरी जातच असेल, तिथपर्यंत चालत जायचं.

यंदा तिसरी बॅच आहे. खालच्या पुलाची बाटली अजून पांढरीच येते. मलवाहिनीचं काम सुरू झालेलं नाही, पण ते प्रस्तावित वरून निविदेच्या टप्प्यावर आल्याचं उत्तर गेल्या महिन्यात मिळालं, ते उजवीकडच्या पानावर डकवलं आहे. वरच्या पुलाची बाटली मात्र या वेळी पहिल्यासारखी गडद आली नाही. फिकट पिवळसर, जेमतेम तपकिरी. मुलांनी रजिस्टरची मागची पानं उलटून दोनदा तपासलं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घेतला, तोही तसाच आला. टेकडीच्या पायथ्याशी नवी बांधकामं उभी राहिली आहेत. शनिवारी सकाळी ती मुलं वरच्या अंगाला चालत गेली आणि बांधकामांच्याही वर, एका मोरीपाशी, तिसऱ्या जागेची खूण करून आली. रजिस्टरमध्ये तिला अजून नाव दिलेलं नाही, नुसता एक रकाना आखून ठेवला आहे.